अडीच गुंठे रान

ब्रिटनमधल्या एखाद्या मध्यम शहरात नगरपालिकेचे पत्र येते आणि त्यासोबत लोखंडी फाटकाची किल्ली. यादीत नाव घालून तीन-चार वर्षे, काही ठिकाणी दहा-बारा वर्षेही झालेली असतात. एवढ्या काळात माणसाने मनातल्या मनात वाटाण्याच्या वेली चढवलेल्या असतात, स्ट्रॉबेरीचे वाफे आखलेले असतात. फाटक उघडून तो आपल्या क्रमांकाच्या खुंटीपाशी पोचतो, तेव्हा समोर छातीएवढे रान उभे असते. ब्लॅकबेरीच्या काटेरी फांद्या कमानीसारख्या वाकून जिथे टेकल्या तिथे मुळे धरून बसलेल्या, मध्ये खाजकुयलीसारखी आग करणारे नेटल, खाली गवताची गादी. कुठेतरी मोडक्या काचघराचा सांगाडा आणि एक गंजलेले पिंप. आधीच्या माणसाने जागा सोडून दोन वर्षे झालेली असतात.

या तुकड्याला तिकडे अलॉटमेंट म्हणतात. घराला अंगण नसलेल्या शहरी माणसाने नाममात्र वार्षिक भाड्याने घ्यायची भाजीपाल्याची जागा. जुन्या हिशेबाने पूर्ण अलॉटमेंट दहा रॉडची, म्हणजे सुमारे २५३ चौरस मीटर. मराठी वाचकाला हे माप परके वाटण्याचे कारण नाही. एकराचे जसे आपल्याकडे ४० गुंठे, तसे तिकडे १६० रॉड. म्हणजे चार रॉडचा बरोबर एक गुंठा, आणि दहा रॉडचे अडीच गुंठे. १९०८ च्या कायद्याने अशी जागा पुरवण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. १९२५ च्या कायद्याने या कामासाठी घेतलेली जमीन सरकारच्या संमतीशिवाय विकण्यास मनाई केली. १९५० च्या कायद्याने तिथे कोंबड्या पाळायची मुभा दिली. कोंबड्याला मात्र नाही, कारण शेजाऱ्यांची झोप!

दुसऱ्या महायुद्धात अन्नटंचाईच्या काळात अशा तुकड्यांची संख्या सुमारे १४ लाखांवर गेली होती. आज ती सव्वातीन लाखांच्या आसपास आहे. यादीत थांबलेल्यांची संख्या याच्या तुलनेत लहान नाही. २०२३ मध्ये ग्रीनपीसने माहितीच्या अधिकारात मिळवलेल्या आकड्यांनुसार देशभरात पावणेदोन लाखांच्या घरात अर्ज पडून होते. इतकी वाट पाहून मिळालेली जागा पहिल्या वर्षातच सोडून देणारे लोक आहेत, ही यातली चुटपुट लावणारी गोष्ट. सोडण्यामागे बहुधा आळस नसतो. ते सगळे रान एका उन्हाळ्यात साफ करायला जातात. कंबर धरते, हातावर फोड येतात, आणि ऑगस्टमध्ये पाहावे तर मे महिन्यात साफ केलेला कोपरा पुन्हा हिरवा. मग जागा कसली जात नसल्याची नोटीस येते आणि किल्ली परत जाते.

रान इतक्या लवकर का माजते, याचे उत्तर लंडनच्या उत्तरेला हार्पेंडन गावातल्या रॉथमस्टेड संशोधन केंद्रात पाहायला मिळते. तिथल्या ब्रॉडबॉक नावाच्या शेतात १८४३ पासून सलग गहू पेरला जातो. शेतीशास्त्रातला इतका लांबलेला प्रयोग जगात दुसरा नाही. १८८२ मध्ये त्या शेताच्या टोकाचा अर्धा एकर गहू मुद्दाम कापला नाही. नांगरणी नाही, खुरपणी नाही. गव्हाने आपले आपण पाहावे. चार वर्षांत तिथे गव्हाची मोजकी खुरटी रोपे उरली. नंतर झुडपे आली, मग झाडे. त्या तुकड्याचा जो भाग पुढे कधीच साफ केला नाही, तिथे आज मोठ्या झाडांचे जंगल उभे आहे. हजारो वर्षे माणसाच्या हातून पेरला गेलेला गहू माणसाचा हात सुटताच चार वर्षे तगू शकला नाही. भाजीचा वाफा तर त्याहून नाजूक.

त्या रानाखालची माती मात्र उजाड झाली नाही. उलट शेजारच्या नांगरल्या जाणाऱ्या शेतापेक्षा तिच्यात सेंद्रिय कर्ब कितीतरी वाढला. अलॉटमेंट हाती आलेल्या माणसाला हे कुणी आधी सांगत नाही. त्याच्या समोरचे रान म्हणजे मेलेली जमीन नव्हे. पाने पडून, मुळे कुजून, गांडुळे हिंडून दोन-तीन वर्षांत ती मुरलेली असते. रानासकट वरची माती खरवडून बाहेर टाकली, की खताची पोतीच कचऱ्यात टाकल्यासारखे होते.

अडचण आहे ती मातीत दडलेल्या दोन गोष्टींची, बियांची आणि मुळांची.

बियांची गोष्ट आधी. अमेरिकेतील मिशिगनमध्ये विल्यम बील नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७९ मध्ये वीस बाटल्यांत वाळू आणि २१ जातींच्या बिया भरून त्या जमिनीत पुरल्या. तणांचे बी मातीत किती वर्षे जिवंत राहते, हा शेतकऱ्यांच्या रोजच्या डोकेदुखीचा प्रश्न त्याला सोडवायचा होता. ठरावीक वर्षांनी एकेक बाटली काढायची, असा शिरस्ता त्याच्या मृत्यूनंतरही पाळला गेला. २०२१ मध्ये, म्हणजे १४१ वर्षांनी काढलेल्या बाटलीतल्या मॉथ मलिन या तणाच्या काही बिया तरीही रुजल्या. बाटली काढायला शास्त्रज्ञ पहाटेच्या अंधारात गेले होते, कारण अनेक तणांच्या बियांना जागे व्हायला प्रकाशाचा एक क्षणही पुरतो. खोल पुरलेले बी शांत पडून असते. फावड्याने माती उलटली, बी वर आले, ऊन लागले, की ते उगवते. वाफा स्वच्छ खणून ठेवल्यावर पंधरा दिवसांत तो तणाने भरतो, याचे कारण हेच. माणसाला वाटते तण बाहेरून आले. ते त्यानेच खालून वर आणलेले असते.

मुळांची गोष्ट याहून चिवट. तिकडचे काउच नावाचे गवत आपल्या हरळीच्या स्वभावाचे. जमिनीखाली वीतभर खोलीत त्याची पांढरी खोडे जाळ्यासारखी पसरतात आणि प्रत्येक पेरावर डोळा असतो. अशा जमिनीत रोटाव्हेटर फिरवला तर दिसायला झकास मशागत होते, पण एका खोडाचे पन्नास तुकडे होऊन पन्नास रोपे उगवतात. हरळीच्या शेतात रोटाव्हेटर घालून पस्तावलेल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. बाइंडवीड ही पांढऱ्या फुलांची वेल आणखी खोल जाते. हॉर्सटेल तर कोळसा तयार झाला त्या युगातल्या वनस्पतींच्या कुळातले. त्याची खोडे दोन मीटर खोलीपर्यंत सापडतात. ते उपटून संपवण्याचा विचार सोडलेलाच बरा.

म्हणून अनुभवी अलॉटमेंटधारक नवख्याला सांगतात, की पहिल्या वर्षी सगळी जागा साफ करू नकोस, सगळी झाक. आधी कोयत्याने आणि कातरीने रान जमिनीसरशी कापायचे. ब्लॅकबेरीचे बुंधे तेवढे फावड्याने उकरून काढायचे, कारण ती फुटते बुंध्यापासून. मग एक चतुर्थांश जागा कसायला निवडायची आणि उरलेल्या तीन चतुर्थांशावर प्रकाश न जाणारे जाड काळे आच्छादन अंथरून कडेने दगड ठेवायचे. हिरव्या पानाला ऊन मिळाले नाही की मुळातला साठा खर्च होत जातो. साधे गवत एका हंगामात हटते. काउचला वर्ष लागते, बाइंडवीडला त्याहून जास्त. पूर्वी यासाठी जुने गालिचे टाकण्याची पद्धत होती, पण त्यातले रंग आणि कृत्रिम धागे मातीत उतरतात म्हणून अनेक नगरपालिकांनी ते बंद केले आहे.

कसायच्या तुकड्यावरही फावडे चालवायलाच हवे असे नाही. गवतावर पुठ्ठा पसरायचा, वर चार बोटे किंवा त्याहून थोडे जास्त कंपोस्ट, आणि त्यातच लागवड. सॉमरसेट परगण्यातले चार्ल्स डाऊडिंग हे या ‘न खणता’ पद्धतीचे नावाजलेले पुरस्कर्ते. २०१३ पासून ते खणलेला आणि न खणलेला असे दोन वाफे शेजारी ठेवून दोन्हींच्या भाजीचे वजन करत आले आहेत, आणि न खणलेल्या वाफ्याचे एकूण उत्पादन थोडे सरस भरते. एका माणसाच्या दोन वाफ्यांना प्रयोगशाळेचा दाखला म्हणता येणार नाही. पण बियांच्या झोपेबद्दल वर जे सांगितले त्याच्याशी हे जुळते, आणि पन्नाशीच्या पुढच्या कमरेच्या दृष्टीने तर ही पद्धत नक्कीच सोयीची.

पहिल्या वर्षी बटाटे लावा, बटाटा जमीन साफ करतो, असा एक समज तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. जमीन बटाटा साफ करत नाही. बटाट्याला भर देताना आणि काढताना माणूस जी उकरणी करतो, ती साफ करते. तरी सल्ला वाईट नाही, कारण जुलैत हाताला बटाटे लागले की माणूस ऑगस्टमध्ये किल्ली परत देत नाही. भोपळाही उपयोगी, कारण मोठ्या पानांखाली तण दबते. फळझाडांना घाई नसावी. रास्पबेरी, करंट, गूजबेरी यांची उघड्या मुळांची रोपे थंडीत लावायची, तीही बारमाही तणे हटल्याची खात्री झाल्यावरच. रास्पबेरीच्या मुळांत एकदा बाइंडवीड शिरले की दोन्ही एकत्र उपटण्यावाचून उपाय राहत नाही. रुबार्बचे आंबट लाल देठ शिजवून खातात, पण त्याची पाने ऑक्झॅलिक आम्लामुळे विषारी असतात. घरात मुले असतील तर हे पहिल्या दिवशीच सांगून ठेवलेले बरे.

अशा कष्टाने जमीन खरोखर सुधारते का, हे शेफील्ड विद्यापीठाच्या जिल एडमंडसन आणि सहकाऱ्यांनी लेस्टर शहरात तपासले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात अलॉटमेंटच्या मातीत भोवतालच्या शेतजमिनीपेक्षा सेंद्रिय कर्ब ३२ टक्के आणि नत्र २५ टक्के अधिक आढळले. मातीही कमी दाबलेली, म्हणजे पाणी आणि मुळे सहज खाली जातील अशी होती. यामागे जादू नाही. तिथले जवळजवळ सगळेच लोक घरचा आणि बागेचा ओला कचरा कुजवून मातीला परत देतात.

माणसाच्या तब्येतीचे काय होते, हा प्रश्न याहून अवघड. नेदरलँड्समध्ये आग्नेस व्हान डेन बर्ग आणि मारियेट कुस्टर्स यांनी २०११ मध्ये एक छोटा, नेटका प्रयोग प्रसिद्ध केला. ३० अलॉटमेंटधारकांना आधी डोक्याला ताण देणारे काम करायला लावले. मग निम्म्यांनी अर्धा तास आपल्या वाफ्यात हलके काम केले आणि निम्म्यांनी आत बसून वाचन केले. लाळेतले कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचे संप्रेरक, दोन्ही गटांत उतरले, पण बागकाम करणाऱ्यांत अधिक. त्यांचा मूडही पूर्ववत झाला, वाचणाऱ्यांचा मात्र आणखी बिघडला. (वाचनप्रेमींनी रागावू नये, एक गट उघड्यावर होता आणि दुसरा बंद खोलीत, हा फरकही लक्षात घ्यायला हवा.) शिवाय ही माणसे मुळातच बागेची आवड असलेली होती. ज्याला मातीत हात घालायची किळस वाटते, त्याच्या कॉर्टिसॉलचे काय होईल हे यावरून सांगता येत नाही.

बागकामाच्या बहुतेक अभ्यासांचे दुखणे हेच. बागकाम करणारे निरोगी दिसतात, पण निरोगी माणसेच बागकाम करत असतील तर? हा गुंता सोडवायला अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाच्या जिल लिट यांच्या गटाने प्रतीक्षायादीचाच उपयोग केला. डेन्व्हर परिसरातल्या सामुदायिक बागांत जागा मागणाऱ्या, पण गेली दोन वर्षे बागकाम न केलेल्या २९१ प्रौढांच्या त्यांनी चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला लगेच जागा, थोडे बियाणे, रोपे आणि प्राथमिक शिकवणी मिळाली. दुसऱ्याला पुढच्या वर्षापर्यंत थांबायला सांगितले. इच्छा दोघांनाही होती, जमीन एकालाच मिळाली. म्हणून दोन्ही गटांत जो फरक पडला, त्याचे श्रेय बऱ्याच अंशी जमिनीला देता येते.

‘लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’मध्ये २०२३ मध्ये आलेले त्याचे निष्कर्ष जाहिरातीच्या कामाचे नाहीत, आणि म्हणूनच विश्वासार्ह वाटतात. जागा मिळालेल्यांच्या आहारात तंतुमय पदार्थ थांबलेल्यांच्या तुलनेत दिवसाला सुमारे १.४ ग्रॅमने वाढले. दम लागेल अशी हालचाल दिवसाला सहाएक मिनिटांनी, म्हणजे आठवड्याला चाळीस मिनिटांच्या आसपास वाढली. ताण आणि चिंता कमी झाली. वजनात आणि कंबरेच्या घेरात मात्र लक्षणीय फरक पडला नाही. फळे-भाज्या एकत्र मोजल्या तर त्यांच्या प्रमाणातही ठोस वाढ दिसली नाही. बाग केली की पोट उतरते, असे कुणी सांगत असेल तर त्याला हा आकडा दाखवावा. मात्र मधल्या वयातल्या माणसाला आठवड्याला चाळीस मिनिटे जास्त हालचाल करायला लावणे किती कठीण असते, हे कोणताही डॉक्टर सांगेल. इथे लोकांनी ती व्यायाम म्हणून केली नाही. वाटाण्याला पाणी घालायचे होते म्हणून केली.

धोके आहेत, आणि पडीक जागेवर ते जास्त. गवतात लपलेली काच आणि गंजलेली तार पहिल्या आठवड्यातच हाताला लागते, तेव्हा धनुर्वाताची लस झालेली असावी. कंपोस्टच्या बंद पिशवीत लेजिओनेला लाँगबीची हा जिवाणू असू शकतो आणि त्याची धूळ श्वासात गेली तर न्यूमोनिया होऊ शकतो. २०१३ मध्ये स्कॉटलंडमध्ये बागकाम करणाऱ्या काहींना तो झाला होता. पिशवी तोंडापासून लांब धरून हळू उघडणे, कंपोस्ट किंचित ओले करणे आणि नंतर हात धुणे, एवढी खबरदारी घ्यावी. जुन्या औद्योगिक शहरांच्या मातीत शिसेही असते. अलॉटमेंटच्या मातीसाठी ब्रिटनमध्ये किलोला ८० मिलिग्रॅम ही सावध मर्यादा सुचवलेली आहे, आणि न्यूकॅसलमध्ये तपासलेल्या बहुतेक जागा तिच्या वर होत्या. तिथल्या ४३ बागकाम करणाऱ्यांचे आणि बाग नसलेल्या २९ शेजाऱ्यांचे रक्त तपासले, तेव्हा शिशाच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. ही सगळी मोठी माणसे होती. लहान मुले माती तोंडात घालतात आणि शिशाचा त्रास त्यांनाच अधिक होतो, म्हणून त्यांचे हात आणि जमिनीतून काढलेल्या भाज्या नीट धुणे टाळता येत नाही.

एक धोका असा, की तो चांगुलपणाच्या वेषात येतो. २००८ मध्ये ब्रिटनभर अलॉटमेंटवरचे बटाटे, टोमॅटो, वाटाणे विचित्र वाकडे वाढू लागले, पाने चमच्यासारखी वळली. शोध घेतला तेव्हा दोष शेणखतात निघाला. कुरणावर अमिनोपायरॅलिड हे तणनाशक फवारले होते, ते गवत जनावरांनी खाल्ले, आणि शेणातूनही तणनाशक शाबूत बाहेर आले. त्या वर्षी त्याची विक्री काही काळ थांबवावी लागली. तेव्हापासून जाणती माणसे नवे खत आले की आधी एका कुंडीत ते मातीत मिसळून घेवड्यासारखे ब्रॉड बीनचे चार दाणे लावतात, दुसऱ्या कुंडीत नेहमीच्या मातीत चार. तीन-चार आठवड्यांत पहिल्या कुंडीतली पाने वळलेली निघाली, तर ते खत वाफ्यात जात नाही. बाहेरून खत आणणाऱ्या कोणत्याही परसबागेत, मग ती लीड्सला असो की लातूरला, ही चाचणी फुकट करता येते.

लेस्टर, बर्मिंगहॅम, कोव्हेंट्री या पट्ट्यातल्या अलॉटमेंटवर उन्हाळ्यात फिरले तर मध्येच ओळखीचा वास येतो. भारतीय उपखंडातून आलेल्यांनी तिथे मेथी, कोथिंबीर, हरभरा लावलेला असतो, प्लॅस्टिकच्या बोगद्यात दुधी टांगलेला असतो. कोव्हेंट्रीजवळच्या गार्डन ऑरगॅनिक या संस्थेने ‘सोइंग न्यू सीड्स’ हा उपक्रम काही वर्षे चालवून अशा पिकांच्या बिया आणि ती थंड हवेत पिकवण्याची माहिती या लोकांकडून जमवली. मेथीला तिथला वसंत मानवतो. दुधीला काचेची किंवा प्लॅस्टिकची ऊब लागते. नवख्या इंग्रज शेजाऱ्याला मेथी आणखी एका कारणाने आवडते. पेरल्यापासून महिना-दीड महिन्यात ती खुडता येते, आणि रानाशी झगडणाऱ्याला लवकर काहीतरी हाती लागणे गरजेचे असते.

यादी लांबत चालली तशा बऱ्याच नगरपालिका आता दहा रॉडचा तुकडा मधोमध कापून पाच-पाच रॉडचे दोन देतात. जुन्या लोकांना ते आवडत नाही. पहिल्यांदाच फावडे धरणाऱ्याला मात्र सव्वा गुंठा पुष्कळ होतो. दुसऱ्या वसंतात काळे आच्छादन गुंडाळले की खाली गवताची वाळलेली पिवळी चटई आणि गांडुळांनी भुसभुशीत केलेली माती दिसते. त्यात वाटाणा लागतो, कडेला गूजबेरी धरते. आणि मे महिन्यात, शेजारच्या वाटेखालून, बाइंडवीडचे पांढरे कोंब पुन्हा वर येतात. ते खुरप्याने कापायला पाच मिनिटे लागतात, दर आठवड्याला.